लाल इंडिकेटर काढून पिवळ्या इंडिकेटरचे परदेशी टेललाईट बसवायचे आहेत

बावधनकर

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची चारदारी जीप रँगलर आहे. गेल्या वर्षी मी ती पुण्यातच वापरलेली विकत घेतली. आधीच्या मालकांनी मूळचे टेललाईट काढून अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेले, धुरकट काचेचे एलईडी दिवे बसवून घेतले होते आणि मूळचे दिवे कोठे गेले हे आता त्यांनाही आठवत नाही. या दिव्यांत इंडिकेटरला स्वतंत्र जागाच नाही. ब्रेकसाठी जो लाल दिवा लागतो, तोच वळताना उघडझाप करतो.

दिसायला हे दिवे देखणे आहेत, म्हणून मी सुरुवातीला दुर्लक्ष केले. गेल्या महिन्यात ताम्हिणी घाटातून उतरताना मला उजवीकडे चहाच्या टपरीपाशी वळायचे होते. पाय ब्रेकवर होता आणि इंडिकेटरही दिलेला होता. तेवढ्यात मागून आलेला एक दुचाकीस्वार उजव्या बाजूनेच पुढे निघाला आणि माझ्या दारापासून वीतभर अंतरावर कसाबसा थांबला. चिडण्याऐवजी त्याने मला अत्यंत सौजन्याने सांगितले, "काका, तुमचा उजवा ब्रेक लाईट लूज झालाय, चालू-बंद होतोय. दाखवून घ्या." त्याची चूक काढायला मला तोंडच उरले नाही.

युरोपच्या बाजारासाठी बनवलेला, पिवळ्या इंडिकेटरचा एलईडी टेललाईटचा संच मला एका विक्रेत्याकडे मिळतो आहे. माझ्या शंका तीन आहेत. आता असलेल्या तारांवर हे दिवे सरळ बसतील का, की गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये (दिवे चालवणाऱ्या संगणकात) काही बदल करावा लागेल? एलईडीमुळे इंडिकेटर दुप्पट वेगाने मारू लागतो असे ऐकले आहे, त्यावर उपाय काय? आणि असे दिवे आपल्याकडे नियमात बसतात का?

तारजोड

आपल्या दुचाकीस्वाराने अचूक निदान केले आहे, फक्त त्याला रोगाचे नाव माहीत नव्हते. अमेरिकेच्या दिव्यांविषयीच्या नियमात मागचा इंडिकेटर लाल किंवा पिवळा, कोणताही चालतो आणि ब्रेक व इंडिकेटर यांचा एकच दिवा असण्यालाही मुभा आहे. ब्रेक दाबलेला असताना वळण्याचा इशारा दिला, की त्या बाजूचा ब्रेक लाईट उघडझाप करू लागतो आणि दुसरा स्थिर पेटलेला राहतो. मागच्या चालकाला दोन्ही दिवे एकाच वेळी दिसले, तरच या दोहोंतला फरक कळतो. त्याच्या आणि आपल्या मध्ये एखादी रिक्षा आली आणि एकच बाजू दिसली, की सगळा अर्थ हरवतो. अमेरिकेच्याच रस्ते सुरक्षा प्रशासनाने २००९ साली, ज्या मॉडेलांच्या मागच्या इंडिकेटरचा रंग मध्येच कधीतरी बदलला होता, त्यांच्या अपघातांची तुलना केली. वळताना, लेन बदलताना किंवा गाडी लावताना मागून धडक बसण्याचे प्रमाण पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांत सुमारे ५.३ टक्के कमी आढळले. नुसत्या काचेच्या रंगाने एवढा फरक पडत असेल, तर तो मला लहान वाटत नाही.

आता तारांविषयी. आपली गाडी भारतात विकली गेलेली आहे, म्हणजे तिच्या मूळ हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) ब्रेकची तार आणि दोन्ही इंडिकेटरच्या तारा वेगवेगळ्या आहेत. मग अमेरिकी दिवे चालले कसे? माझा असा कयास आहे, की मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला, बहुधा काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, काडेपेटीएवढी एक पेटी आपल्याला सापडेल. ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी असा कन्व्हर्टर मिळतो. तो ब्रेक आणि इंडिकेटर यांचे स्वतंत्र संकेत घेतो आणि ते एकत्र करून प्रत्येक बाजूला एकाच तारेवर सोडतो. आपल्याला नवे काही जोडायचे नसून हे जोडलेले काढायचे आहे. पेटी काढली, की मूळच्या तारा हाती येतील. त्यामुळे कंट्रोल युनिटमध्ये बदल करण्याचे कारण मला दिसत नाही. अमेरिकेत विकलेली गाडी असती, तर गोष्ट उलट झाली असती. तिथे एकत्र आलेला संकेत वेगळा करावा लागतो किंवा युनिटची मांडणी बदलावी लागते.

तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, कारण आधी काम केलेल्या माणसाने हाताशी आलेली तार वापरलेली असते. मल्टिमीटर घ्या, एका माणसाला चालकाच्या जागी बसवा आणि पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स अशी एकेक तार ओळखून तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवा. तार टोचून तपासू नये. टोचलेल्या जागेतून पावसाळ्यात पाणी शिरते आणि आतले तांबे हिरवे पडते.

डोंगरवाट

एवढा खटाटोप कशासाठी? आहे त्याच दिव्यात इंडिकेटरच्या जागी पिवळे एलईडी टाकून पाहावेत असे मी सुचवीन. खर्च शंभर पटीने वाचेल.

तारजोड

नाही, हे चालणार नाही. एक तर या दिव्यात इंडिकेटरला वेगळी जागाच नाही. शिवाय लाल काच ही गाळणी आहे. साध्या बल्बच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो, म्हणून त्याच्यापुढे लाल काच चालते. पिवळ्या एलईडीचा प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यातला असतो. लाल काच त्यातला बहुतेक अडवते आणि बाहेर पडतो तो मलूल, कोणत्याच नावाचा नसलेला उजेड. पिवळा इशारा हवा असेल, तर काच पिवळी हवी, किंवा काच पांढरी आणि बल्ब पिवळा हवा.

दुसऱ्या प्रकारात एक खोड आहे, तीही सांगून ठेवतो. पांढऱ्या काचेमागे पिवळ्या रंगाचा मुलामा दिलेला बल्ब असतो आणि हलक्या प्रतीच्या बल्बवरचा मुलामा वर्षा-दोन वर्षांत खवल्यांसारखा सुटतो. मग इंडिकेटर पांढरा मारू लागतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पिवळ्या बल्बच्या खुंट्या मुद्दाम तिरक्या कोनात ठेवलेल्या असतात, ज्यामुळे तिथे साधा पांढरा बल्ब बसत नाही. पण कानशीने खुंटी घासून तो बसवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

सह्याद्रीचा प्रवासी

संच विकत घेण्यापूर्वी काचेवरची कोरीव अक्षरे भिंगाखाली धरून वाचा. युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळात ई हे अक्षर आणि त्यापुढे देशाचा आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. त्याच्या आसपास प्रत्येक दिव्याचे काम सांगणारी खूण असते. २ए ही मागच्या इंडिकेटरची, आर ही पार्किंग लाईटची, एस१ ही ब्रेकची, एआर ही रिव्हर्सची, एफ ही धुक्याच्या दिव्याची आणि आयए ही रिफ्लेक्टरची. खोक्यावर काहीही छापलेले असो, काचेवर २ए नसेल तर तो युरोपीय नियमातला इंडिकेटर नव्हे. अमेरिकेच्या दिव्यावर याऐवजी डीओटी किंवा एसएई ही अक्षरे असतात. ई-चिन्ह स्टिकरच्या स्वरूपात असेल, तर तो संच तिथेच ठेवून परत यावे.

यातले एफ मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण नेमक्या याच ठिकाणी माझी फसगत झाली होती. मागचा धुक्याचा लाल दिवा पुष्कळ गाड्यांत एकच असतो आणि तो रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला असावा लागतो. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या संचात तो डाव्या दिव्यात असतो, आणि रिव्हर्स बहुधा उजव्यात. आपण डावीकडून चालतो. आपल्याकडे हाच संच लावला, तर धुक्याचा दिवा फुटपाथच्या बाजूला जातो. त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा जपान यांच्यासाठी बनवलेला संच मिळाला, तर तो पाहावा. इंडिकेटर, ब्रेक आणि पार्किंग यांना डाव्या-उजव्या वाहतुकीमुळे काही फरक पडत नाही. हेडलाईटची गोष्ट निराळी आहे. तिथे प्रकाशाचा झोतच एका बाजूला झुकवलेला असतो.

तसाच संच घ्यायचा ठरले, तर धुक्याच्या दिव्याची तार मोकळी सोडून तिचे टोक नीट बंद करा. स्वच्छ हवेत पेटलेला हा दिवा मागच्याचे डोळे दिपवतो, आणि तो ब्रेक लाईटच्या जवळ असला तर ब्रेक लागलेला कळतही नाही. युरोपीय नियमात या दोहोंमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर राखायला सांगितले आहे, ते याच कारणाने.

आणखी एक. आपण गाडी ओढ्यातून नेत असाल, तर दिव्याचे श्वसनछिद्र खालच्या बाजूला येते आहे ना, हे पाहा. तापलेला दिवा थंड पाण्यात गेला, की आतली हवा आक्रसते आणि छिद्रातून पाणी आत ओढले जाते. दिव्यांवर लोखंडी जाळी लावण्याची हौस मला मान्य नाही. जाळीत चिखल अडकतो आणि चौथ्या किलोमीटरला आपला पिवळा इंडिकेटर तपकिरी होतो.

वेताळ टेकडी

तिसऱ्या शंकेपुरते लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०२ नुसार दिशादर्शक दिवा पिवळ्या, म्हणजे अंबर रंगाचाच असला पाहिजे आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त असता कामा नये. याचा अर्थ असा, की आपली गाडी सध्याच नियमाबाहेर आहे आणि आपण करू पाहता तो बदल तिला नियमाच्या दिशेने नेणारा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून "दिवेच तर आहेत" असे म्हणून ही बाब सोडून देऊ नये.

मात्र ई-चिन्ह म्हणजे भारतातील मान्यता, असा समज करून घेऊ नका. ज्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे चिन्ह दिले जाते, त्यात भारत सहभागी नाही. आपण १९९८ च्या दुसऱ्या करारात २००६ साली सामील झालो. आपल्याकडची दिव्यांची मानके, म्हणजे एआयएस मालिका, पुण्यात कोथरूडच्या बाजूला टेकडीवर असलेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था प्रसिद्ध करते आणि ती पुष्कळशी युरोपीय नियमांच्या अंगाने जातात. तांत्रिक गुणवत्तेची खूण म्हणून ई-चिन्ह उपयोगाचे आहे. कागदोपत्री सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे याच गाडीचे भारतातील मूळ टेललाईट मागवणे. ते महाग पडतील, परंतु कपलर (तारांचे जोड) जसेच्या तसे बसतील आणि विमा कंपनीला काही समजावून सांगावे लागणार नाही.

तारजोड

वेगाच्या शंकेचे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो आणि एलईडी त्याच्या पाचव्या हिश्शाएवढीही वीज घेत नाही. कंट्रोल युनिटला वाटते, बल्ब गेला. चालकाला ते कळावे म्हणून ते वेग वाढवते आणि वेग १२० च्या पुढे जातो. आपल्या गाडीत फ्लॅशरचा, म्हणजे उघडझाप घडवणारा, सुटा रिले नाही, त्यामुळे नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात कोणी एलईडीचा रिले दाखवला, तर तो आपल्या कामाचा नाही.

उपाय म्हणजे इंडिकेटरच्या तारेला समांतर ६ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर. तो बल्बएवढी वीज खातो, म्हणून युनिटला बल्ब जागेवर आहे असे वाटते. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला त्यातून सुमारे ३२ वॅट उष्णता निघते. हॅझर्ड (सगळे इंडिकेटर एकदम) लावून गाडी अर्धा तास उभी राहिली, तर त्याला हात लावता येत नाही. तो प्लॅस्टिकला किंवा वायरिंगच्या जुडग्याला टेपने बांधू नका. बॉडीच्या उघड्या पत्र्यावर स्क्रूने आवळा. काही संचांत रेझिस्टर आधीच असतो, म्हणून आधी दिवा लावून मोजा, मग ठरवा.

सर्वांत शेवटी अर्थिंग, म्हणजे दिव्यातली वीज गाडीच्या पत्र्यातून परत नेणारा जोड. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होत असेल, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगही लुकलुकत असेल, तर लोक रिले आणि फ्यूज बदलत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दिव्याची अर्थिंगची तार जिथे पत्र्याला लावली आहे, तिथला रंग खरवडून पाहा.

बावधनकर

सर्वांचे आभार. मूळचे दिवे मागवले असून ते काल बसवून झाले. पेटी सापडली, डाव्या चाकाच्या मागे, टेपच्या तीन थरांत आणि वर पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत. टेप काढल्यावर हाताला काळा चिकटा लागला तो अजून गेलेला नाही. एका बाजूची ब्रेकची तार कापून नुसती पिळून जोडलेली होती. ती जागा झाळून घेतली आणि चारही अर्थिंगचे बोल्ट घासून स्वच्छ केले.

मूळचे दिवे बल्बचेच असल्यामुळे रेझिस्टर लागला नाही. मोबाईलवर अर्धा मिनिट लावून मोजले, ४१ वेळा उघडझाप झाली, म्हणजे मिनिटाला ८२. दुपारी चारच्या उन्हात पत्नीला ब्रेक दाबून ठेवायला सांगितले आणि मी सोसायटीच्या फाटकापर्यंत मागे चालत गेलो. तिथून लाल आणि पिवळे निरनिराळे दिसत होते. उजव्या दिव्यात मात्र सकाळी थोडे बाष्प धरलेले दिसले. श्वसनछिद्रावर बसवणाऱ्याने सीलंट फासले आहे. उद्या ते टाचणीने मोकळे करतो.