थकवा की नैराश्य?
एका ताईंचं म्हणणं, आम्हा नर्स सिस्टरांचं गळून जाणं, मन न लागणं हे सगळं नाइट ड्युटीमुळे, दोन ऑफ (सुट्ट्या) मिळाले की उतरतं. उतरलं तर थकवाच. पण ऑफला भरपूर झोपूनही उठवत नसेल, आवडीचंही नको वाटत असेल आणि हे सलग दोन आठवडे चाललं असेल, तर पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठाच. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं वाटण्याचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नावाला बिचकू नका.

खरी गफलत वॉर्डातच होते: ओळखीच्या आरएमओकडून (निवासी डॉक्टरकडून) अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी लिहून घेणं. झोप लागते, नैराश्य तसंच, वर गोळीची सवय. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात. बऱ्याच जणी तिथेच औषध सोडतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, लक्षणं सारखीच दिसतात.