अपडेट दर वेळी पस्तीस टक्क्यांवर अडकून मागे फिरते. फॉरमॅट न करता उपाय सुचवावा

पस्तीस_टक्के
नमस्कार मंडळी. माझ्या सात वर्षांच्या संगणकावर विंडोज १० आहे आणि सुरक्षा-दुरुस्त्यांच्या मुदतवाढीसाठी मी नावही नोंदवलेले आहे. गेले तीन महिने दर महिन्याचे अपडेट आपोआप उतरते, संगणक बंद करताना बसू लागते, पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते, तिथे पाऊण तास ते पांढरे ठिपके गोल फिरत राहतात आणि मग बदल मागे घेत असल्याची ओळ उमटते. दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा पहिल्यापासून उतरते. माझ्या अटी तीनच आहेत: नवा संगणक घ्यायचा नाही, फॉरमॅट करायचे नाही आणि एका रविवारच्या दुपारीपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. फॉरमॅट नको, कारण यावर मराठी टंकनाची एक जुनी प्रणाली आहे, तिची सीडी हरवली आहे आणि तिच्याच फॉन्टमध्ये टंकलेला चौदा वर्षांचा मजकूर माझ्यापाशी आहे.

नवेच_बरे
स्पष्ट सांगतो, राग नसावा. मीही वर्षभर असाच झगडलो आणि शेवटी नवा लॅपटॉप घेतला. आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत पडदा तयार असतो. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती तुमच्या यंत्रात असेल याची मला शंका आहे. मेलेल्या घोड्याला नाल ठोकण्यात रविवार कशाला घालवता?

सुई_दोरा
घोडा अजून मेलेला नाही. धागाकर्त्याने नाव नोंदवले असल्याचे सुरुवातीलाच लिहिले आहे आणि तशा संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार असल्याचे जाहीर झालेले आहे.

कीबोर्डकाका
हा रोग मी माझ्या हाताने बरा केलेला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. अर्धवट उतरलेल्या फायली विंडोजच्या 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरात पडून राहतात आणि पुढच्या वेळी त्याच खराब फायली पुन्हा वापरल्या जातात. प्रशासकाचे अधिकार घेऊन अपडेटची सेवा आणि 'बिट्स' नावाची सेवा थांबवावी, त्या फोल्डराचे नाव बदलावे, सेवा पुन्हा सुरू कराव्यात. नवा फोल्डर आपोआप तयार होतो. मी पहिल्या खेपेला सेवा न थांबवताच फोल्डर पुसायला गेलो होतो, तेव्हा निम्म्या फायली गेल्या, निम्म्या 'वापरात आहे' म्हणत अडून बसल्या आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली. म्हणून नावच बदला, पुसू नका.

कुलूपबंद
एवढा खटाटोप हवाच कशाला? अपडेटची सेवा कायमची बंद करून टाका. मी गेली पाच वर्षे एकही अपडेट घेतलेले नाही आणि माझा संगणक लोण्यासारखा चालतो.

सुई_दोरा
हा सल्ला कृपया कोणी मनावर घेऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले (आपल्या नावाचा योगायोग क्षमस्व), तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, तेच प्रामुख्याने सापडले.

कुलूपबंद
माझ्याकडे काही शिरले नाही, एवढेच मला ठाऊक आहे. आपण आपले पाहावे.

निळा_पडदा
मंडळी, इतके उपाय सुचवून झाले, पण त्रुटीचा क्रमांक कोणीच विचारला नाही. सेटिंग्जमध्ये अपडेटचा इतिहास उघडला की फसलेल्या नोंदीशेजारी तो सापडतो. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ०एक्स८००एफ०८१एफ म्हणजे दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फायली मिळाल्या नाहीत, तिथे आधी डिझम या विंडोजच्याच दुरुस्ती-साधनाची 'रिस्टोअर हेल्थ' आणि मग सिस्टिमच्या फायली तपासणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा चालवतात. हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. क्रमांक सांगा, मग बोलू.

पेंग्विनप्रेमी
विंडोजच्या जागी लिनक्स ही कार्यप्रणाली टाका. मी २०१९ पासून वापरतो आहे. अपडेट कधी घ्यायचे ते मी ठरवतो, संगणक नाही. जुन्या यंत्रालाही नवी तरतरी येते.

पस्तीस_टक्के
आभार. विंडोज काढून लिनक्स टाकायचे तरी डिस्क पुसावी लागेल आणि माझी टंकनप्रणाली तिथे चालणार नाही, तेव्हा तो मार्ग माझा नव्हे. काकांच्या सांगण्याप्रमाणे सेवा थांबवून फोल्डराचे नाव बदलले, अपडेट नव्याने उतरवले आणि रात्री ते पुन्हा पस्तीसवरूनच परतले. मुख्य डिस्कवर १४० जीबी जागा मोकळी आहे. क्रमांक ०एक्स८००एफ०९२२ असा आहे.

कीबोर्डकाका
दोन्ही सेवा नक्की थांबवल्या होत्या ना? एकच थांबवली तर उपयोग होत नाही.

निळा_पडदा
दोन्ही थांबवल्या असतील, काका. हा आजारच निराळा आहे. या क्रमांकाची दोन कारणे नेहमी आढळतात. व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असल्याने अपडेटच्या सर्व्हरशी संपर्क तुटणे, हे पहिले. दुसरे म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला संगणक सुरू करण्यासाठी राखून ठेवलेला जो छोटा छुपा भाग असतो, तो भरणे. तो बहुधा १०० एमबीचाच असतो, त्यामुळे तुमच्या १४० जीबीचा त्याला काडीचा उपयोग नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो पुष्कळदा शंभर टक्के मोकळा दिसतो, त्यावर विसंबू नका, ते दाखवणे चुकीचे असते. व्हीपीएन नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'माउंटव्हॉल' आज्ञेने त्या भागाला वाय हे अक्षर द्यावे आणि त्यातल्या बूट फोल्डरामधील फॉन्टच्या फायली पुसाव्यात. नेमकी तेवढी जागा पुष्कळदा पुरते.

पस्तीस_टक्के
फॉन्ट पुसायचे? फॉन्ट वाचवण्यासाठी तर मी हा सगळा उपद्व्याप मांडला आहे!

निळा_पडदा
ते फॉन्ट वेगळे. संगणक सुरू होण्याआधीचे संदेश निरनिराळ्या लिप्यांमध्ये दाखवण्यासाठी ते तिथे ठेवलेले असतात. तुमचे फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फॉन्ट फोल्डरात आहेत आणि त्यांना या आज्ञेचा धक्काही लागत नाही. मात्र त्या भागातल्या इतर कोणत्याही फायलीला हात लावू नका, नाहीतर संगणक सुरूच होणार नाही. आधी मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

हळूबाई
मूळ दुखणे मला वेगळेच दिसते. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, तर कोणत्याच संगणकाशी लग्न लावून बसायची वेळ येणार नाही. मी माझी तीनशे पाने बदलून घेतली; जोडाक्षरे आणि रफार बरेच बिघडले होते, ते महिनाभर बसून हाताने दुरुस्त केले.

नवेच_बरे
महिनाभर! आणि मी नवा लॅपटॉप सुचवला, तर माझ्यावर घोड्याची चर्चा.

सुई_दोरा
कळवण्यास आनंद वाटतो की माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर हाच क्रमांक येत होता आणि निळा_पडदा यांच्या कृतीने तो गेला. दहा मिनिटे लागली, त्यातली आठ वाय हे अक्षर आधीच दुसऱ्या डिस्कला दिलेले होते हे ध्यानात येण्यात गेली. अपडेट पस्तीस ओलांडून पुढे गेले, तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः पडद्यासमोर उभ्या होतो.

पस्तीस_टक्के
सर्वांचा ऋणी आहे, आणि आता सर्वांची निराशा करतो. रविवारी मी कमांड प्रॉम्प्ट उघडला, वाय हे अक्षर दिले, फॉन्टची यादी पडद्यावर आली आणि पुसण्याची आज्ञा लिहूनही एंटर दाबण्याचे धैर्य काही मला झाले नाही. शेवटी अर्धवट उतरलेले अपडेट काढून टाकले, इंटरनेटची तार उपटली आणि वायफाय बंद केले. यापुढे हा संगणक फक्त टंकनासाठी. मेल आणि बाकीची कामे फोनवर. परवा रात्री तो वीस सेकंदांत बंद झाला. मी तरी सवयीने काही वेळ तिथेच बसून राहिलो.

निळा_पडदा
हरकत नाही, पण मग पेनड्राइव्हचे ऑटोप्ले (जोडताच आपोआप उघडणे) बंद ठेवा, आणि बाहेरून आणलेली प्रत्येक फाइल आधी तपासा. पुढे कधी पुन्हा जोडणी केलीत, तर आधी घड्याळ पाहा. तारीख बरीच मागे पडली असेल तर अपडेट सर्व्हरशी संपर्कच होणार नाही आणि तुम्हाला आणखी एक नवा क्रमांक दिसेल.