निरीक्षण वहीत जे बसत नाही ते कुठं लिहायचं?

छात्राध्यापिका_यवतमाळ

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासिता, म्हणजे शाळेतला शिकवायचा सराव, एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत चालू आहे. कॉलेजच्या निरीक्षण तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन असे रकाने आहेत. माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या तासात यातलं काहीच ओळीनं येत नाही, तरी लेकरं शिकतात.

परवाचंच सांगते. सध्या वेचणी जोरात आहे. मॅडमनी तिसरीला गणित घातलं: आईनं ४२ किलो कापूस वेचला, मामीनं २७ किलो. आईनं किती जास्त वेचला? एका पोरानं पाटीवर २५ लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "कसं केलं, सांग बरं." तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, चारातून दोन गेले दोन." मॅडम म्हणाल्या, "बरं. आता मामीच्या २७ मध्ये हे २५ मिळव. आईचा कापूस यायला पायजे." बेरीज ५२ आली. पोरगा पाटीकडे पाहतच राहिला. शेजारची पोरगी उत्तर सांगायला लागली तर मॅडमनी हातानंच तिला थांबवलं. मग तो एकदम म्हणाला, "मॅडम, आईनं त इतका वेचलाच नाही!"

त्यानंतर मॅडमनी काड्या काढल्या. दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून सत्तावीस काढायच्या होत्या. एका गठ्ठ्याचं रबर त्या पोरानंच सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं.

त्याला विचार करायला दिलेला तो वेळ मला साऱ्या तासातला सगळ्यात मोलाचा वाटला. तक्त्यात त्याला जागा नाही. असं लिहायचं कसं, आणि अजून काय काय पाहू?

निवृत्त_गुरुजी_वर्धा

बेटा, कोऱ्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे मॅडम काय करतात ते लिही, उजवीकडे एकच लेकरू काय करते ते. पूर्ण वर्ग टिपायला जाऊ नको. मागं बसशील तर नुसत्या पाठी दिसतील, फळ्याच्या बाजूला खाली बस.

आता आकड्यांकडे पाहा. ४७ आणि २२ दिले असते तर त्या पोराचं उत्तर बरोबर आलं असतं, अन् तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते हे कोणालाच कळलं नसतं. ४२ आणि २७ मुद्दाम निवडलेले असतील. हेतू पक्का होता, फक्त मोठ्यानं सांगितला नाही. शाळा सुटल्यावर विचार, हेच आकडे काहून घेतले?

कापसातून गणित ही आपल्याकडची जुनी वाट आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, उभी राहिली. टकळीवर सूत काढता काढता मोजणं-मापणं शिकायचं, हा त्यातलाच विचार. तुझ्या मॅडमचा तास पाहून मला फार बरं वाटलं.

मेळघाटचा_मास्तर

ताई, त्याच वेळी दुसरा वर्ग काय करत होता तेही पाहा. शिक्षण हक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक आहेत, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत एकाकडे दोन वर्ग. अनुभवी शिक्षक दुसऱ्या वर्गाला असं काम देतो की त्यांना दर दोन मिनिटांनी उठून यावं लागत नाही. ते काम कोणतं, हे नक्की लिहून घ्या.

आणि भाषा. पोरगा "आईनं त" म्हणाला, मॅडमनी मध्येच दुरुस्त केलं नाही. आमच्याकडे घरी कोरकू बोलणारी लेकरं आहेत. विचार चालू असताना शब्द सुधारायला गेलं की ती गप्पच होतात.

सहाध्यायी_अमरावती

सगळं खरं आहे, पण गुण तक्त्यावरच मिळतात. तक्ताही भर. हे वेगळ्या वहीत लिही.

छात्राध्यापिका_यवतमाळ

दोन्ही करते. गुरुजी, मॅडमला विचारलं. खिचडीच्या सुट्टीत त्या रोज वह्या चाळतात. ही चूक आदल्या दिवशी बऱ्याच वह्यांत दिसली, म्हणून ते आकडे घेतले. कोणाचं काय चुकलं ते त्या तारीख घालून लिहून ठेवतात, दुसऱ्या दिवशीचा तास त्यातूनच निघतो.

उद्या चौथीवर माझा भागाकाराचा पाठ आहे. मीही वह्या मागून घेतल्या. चौघांनी ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ लिहिलंय, मधला शून्य गायब. यांच्यासाठी कोणतं गणित घेऊ?

निवृत्त_गुरुजी_वर्धा

तेच घे. सहा जणींना वेचणीची ६१२ रुपये मजुरी वाटायची. कागदाच्या नोटा कर: शंभराच्या सहा, दहाची एक, एकाची दोन नाणी. दहाची नोट सहा जणींत कशी वाटायची, तिथं लेकरं अडतील. तिथं तू बोलू नको. आणि ज्याचं उत्तर १२ आलं, त्याला सहाही जणींचे पैसे परत गोळा करून मोजायला लाव.