मदत हवी आहे: मोठे टायर टाकल्यावर स्पीडोमीटर नक्की किती चुकतो? तीन प्रकारे मोजलं, तीन आकडे आले

नमस्कार मंडळी,

गाडी जिम्नी, मॅन्युअल गिअरची. राहायला कोल्हापुरात, पण महिन्यातून दोन-तीनदा गगनबावड्याकडे शेतावर जाणं होतं. शेवटचा दीड-दोन किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि पावसाळ्यात चिखल. म्हणून कंपनीचे १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ चे ऑल टेरेन टायर घातले. रिम रुंद घेतले, सस्पेन्शन थोडं उचलून घेतलं. टायर बदलले तेव्हा मीटरवर १८,४६० किमी होते, ते डायरीत लिहून ठेवलंय.

चिखलात गाडी आता सुरेख चालते, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण मीटरची आहे. टायरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काही फरक पडत नाही साहेब, पाच-दहाने इकडेतिकडे." सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले की टायर तुम्ही बदललेत, मीटरला आम्ही हात लावणार नाही. मग स्वतःच मोजायला बसलो आणि जास्तच गोंधळलो.

पहिलं मोजमाप कागदावरचं. जुना टायर: रुंदी १९५ मिमी, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिमी बाजूची उंची, दोन्ही बाजूंचे मिळून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६९३ मिमी. नवा: २३५ चे ७५ टक्के १७६.२५, दुप्पट ३५२.५, अधिक ३८१, म्हणजे ७३३.५ मिमी. फरक ५.८ टक्के.

दुसरं, टेप लावून. मागच्या दारावरची स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. ती खाली काढली, खडूने टायरवर आणि फरशीवर खूण केली आणि लेकीच्या मदतीने हाताने बरोबर एक फेरी फिरवली. २ मीटर १८ सेंमी. मग पुढच्या चाकावर खूण करून गाडी न्यूट्रलमध्ये हळूच ढकलली, खूण पुन्हा खाली टेकली तिथे रेघ मारली. २ मीटर २४ सेंमी. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. म्हणजे फरक ३ टक्क्यांनाही थोडा कमीच.

तिसरं, मोबाईलचं जीपीएस. बंगळूर हायवेवर सकाळी लवकर, रस्ता मोकळा आणि सपाट, बायको शेजारी बसून आकडे लिहीत होती. काटा ८० वर स्थिर तेव्हा जीपीएस ८१-८२. काटा १०० वर, जीपीएस १०२. म्हणजे फरक जेमतेम २ टक्के!

आता ५.८ खरे, ३ खरे की २? मीटर दुरुस्त करायचा तर कुठल्या आकड्याने? आणि मुळात करायची गरज आहे का? मला वेगाइतकीच किलोमीटरचीही काळजी आहे. ऑइल बदलणं, सर्व्हिस, अ‍ॅव्हरेज सगळं त्यावर चालतं. आधी साडेचौदाचं अ‍ॅव्हरेज मिळायचं, आता तेरा येतंय. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला खोटा आकडा दाखवायचा नाही, आणि आकडा बदलून घेतला म्हणून कुणी मीटर फिरवल्याचा ठपका ठेवलेलाही नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, तुमचं एकही मोजमाप चुकलेलं नाही. तिन्ही वेळा वेगवेगळी गोष्ट मोजली गेलीय.

टेपचं आधी. स्टेपनी हाताने फिरवलीत, तिच्यावर वजन शून्य. पुढच्या चाकावर मात्र गाडीचा भार होता. भाराखाली टायर दबतो आणि एका फेरीत कमी अंतर कापतो. रेडियल टायरसाठी व्यासाला ३.१४ ऐवजी साधारण ३.०५ ने गुणायचं, म्हणजे भरल्या गाडीतली फेरी मिळते. ७३३.५ गुणिले ३.०५ म्हणजे २२३७ मिमी, तुमच्या २ मीटर २४ ला अगदी जुळतं. आणि ६९३ गुणिले ३.१४ म्हणजे २१७६, तीच तुमची हातावरची २ मीटर १८. जुना टायर गाडीखाली असता तर २११४ च्या आसपास आला असता. आता २२३७ ला २११४ ने भागा: ५.८ टक्के.

काट्याचं कारण वेगळं. कंपनी काटा मुद्दाम पुढे ठेवते. वेगमापकाबद्दल संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, त्यात काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत. आपल्याकडच्या गाड्यांचे काटेही पुढेच धावतात. तुमचा काटा आधी ८० दाखवताना गाडी ७७ ने चालत असणार. टायरने ५.८ टक्के खाल्ले, त्यातले साडेतीन-चार कंपनीने राखलेल्या फरकातून गेले, उरलेले २ तुम्हाला दिसले. पण हे २ उलट्या बाजूचे आहेत हे लक्षात घ्या. आधी मीटर जास्त सांगायचा, आता कमी सांगतोय. कॅमेऱ्यापुढे हाच फरक महागात पडतो.

किलोमीटरच्या आकड्यात असा राखीव फरक सहसा नसतो. तिथे पूर्ण ५.८ ची चूक दिसायला हवी. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर ५० किमी मोजून बघा. दोन-चार दगडांवर नको, ते कधीकधी जागचे हललेले असतात.

प्रतिसाद २

ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारा, ब्लूटूथ डोंगल कुणाकडून तरी मागून घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाईलवर गाडीच्या कॉम्प्युटरला दिसणारा वेग कळतो. काटा, डोंगल आणि जीपीएस तिन्ही एकाच वेळी लिहा, काट्यात किती भर घातलीय ते उघड होईल. जीपीएस वाचताना वेग निदान दहा सेकंद स्थिर ठेवा, ते थोडं मागे असतं.

प्रतिसाद ३

विषय थोडा बाजूचा, पण राहवत नाही. स्टेपनी जुन्या मापाची आहे असं लिहिलंय. रस्त्यात पंक्चर झालं आणि ती घातली तर ते एक चाक इतरांपेक्षा जवळपास सहा टक्के जास्त फिरणार. एबीएस-ईएसपीचा (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या आणि गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. जिम्नीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही, त्यामुळे अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह मुळीच लावू नका, पुढच्या-मागच्या शाफ्टवर ताण येऊन काहीतरी तुटू शकतं. शेतावरच्या त्या चिखलातच नेमकी फोर बाय फोरची गरज लागणार, म्हणून पाचवा टायर त्याच मापाचा घ्या.

आणि बदललेलं माप विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, एकदा वाचून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी पुन्हा बाहेर पडलो.

दगडांवर ५० किमी, मीटरवर ४७.३. म्हणजे खरं अंतर मीटरपेक्षा ५.७ टक्के जास्त. डोंगल शेजारच्या पोराकडून आणला: काटा ८०, डोंगल ७७, जीपीएस ८१. अगदी सांगितलंत तसंच! अ‍ॅव्हरेजही परत काढलं. तेराला १.०५७ ने गुणलं तर १३.७ येतं. म्हणजे अ‍ॅव्हरेज जितकं पडलं असं वाटत होतं, त्यातलं निम्मं पडलेलंच नव्हतं.

आता दुरुस्तीचं सांगा. कशी करतात?

प्रतिसाद १

माझ्या जुन्या जिप्सीत सोपं होतं. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून) मीटरला केबल यायची, तिच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा गिअर. दात कमी असलेला गिअर घातला की केबल जास्त फिरते आणि मीटर जागेवर येतो. नंतरच्या गाड्यांत वेगाच्या सेन्सरची एकच वायर असायची, ती कापून मध्ये सेन्सरचे पल्स (विजेचे ठोके) कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची.

आताच्या गाड्यांत वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरपासून निघतो आणि कॅन नेटवर्कवरून (गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरना जोडणाऱ्या वायरवरून) मीटर, इंजिन, स्टिअरिंग असा सगळीकडे जातो. काही गाड्यांत स्कॅनरने टायरचं माप बदलता येतं. तशी सोय नसेल तर मीटरच्या अगदी मागे डबी बसवून फक्त मीटरला जाणारा आकडा बदलतात. एबीएस सेन्सरच्या वायरला मात्र कुणालाही कात्री लावू देऊ नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

तुमच्या जागी मी असतो तर सध्या डबी बसवली नसती. २ टक्क्यांसाठी वायरिंग उघडायचं, आणि दुरुस्त केल्यावर काटा परत तीन-चार टक्के पुढे धावणारच. शिवाय ऑल टेरेनचा टायर झिजेल तसा व्यास १२-१५ मिमीने कमी होतो, म्हणजे दीड-दोन टक्के आपोआप जातात. तोवर ९८ वर काटा म्हणजे खरे १००, एवढं डोक्यात ठेवा. किलोमीटरसाठी टायर बदलल्याची तारीख, माप आणि १८,४६० हा आकडा सर्व्हिस बुकात लिहून शिक्का मारून घ्या. घेणाऱ्याला तेच पान दाखवायचं.

धागाकर्ता

पटलं. मीटर उघडत नाही. ऑइल १०,००० ऐवजी मीटरवर ९,४०० झाले की बदलणार, कारण तेव्हाच खरे १०,००० होत आलेले असतील. सर्व्हिस बुकात नोंद उद्याच करून घेतो, बिलही त्याच पानाला टाचून ठेवतो.

पाचव्या टायरची ऑर्डर आज दिली. त्यावरून शेवटचा एक प्रश्न: हा टायर आणि रुंद रिम मिळून जुन्या स्टेपनीपेक्षा बरंच जड होतं. मागच्या दाराच्या बिजागरीला काही आधार लावावा लागतो का? कुणी वर्षभर तसं वापरलं असेल तर दार खाली बसलं का, कडीत नीट लागतं का, एवढं नक्की सांगा.