४ मिमी ॲक्रिलिक कापताना वितळतंय, सांधा पांढरा पडतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांनी निवृत्तीनंतर सागवानात बैलगाडी कोरली आहे. चाकांचे आरे, जू, शिवळा (जुवाच्या खुंट्या), सगळं प्रमाणात. आऱ्यांमधली धूळ फडक्याने निघत नाही, आणि परवा ब्रशने काढताना एक शिवळ तुटली. म्हणून गाडीवर १८ × १० × १२ इंचांची पारदर्शक पेटी करायची आहे. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे काच नको, ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) घेतलंय. लेझरवर कापून मिळेल हे माहीत आहे, पण बाबा स्वतः शेजारी बसून मापं घेतायत, तेव्हा घरीच करायचं आहे.

जिगसॉला (वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत) बारीक दात्यांचं लाकडाचं पातं लावून पूर्ण वेगाने कापलं. पातं पुढे सरकलं की मागची फट पुन्हा चिकटते! एका तुकड्यावर सुपरग्लू लावून पाहिला, तर सांध्याभोवती पांढरं धुकं बसलं. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) आहे, १० इंची, ४० दात्यांचं पातं. ते चालेल का? आणि सांध्याला काय वापरू?

प्रतिसाद १
मी पाट्या बनवतो. आधी सांगा, कापताना कोरडी भुकटी सुटते की चिकट धागे? धागे सुटत असतील तर शीट बहुधा एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) आहे, ती लवकर वितळते. दुकानात कास्ट (साच्यात ओतलेली) मागा. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं, आणि पूर्ण वेगातलं बारीक पातं तेवढं सहज तापतं.

सरळ कापांना जिगसॉ नकोच. ४ मिमीला आकडीचा ॲक्रिलिक कटर घ्या, लोखंडी पट्टी धरून एकाच रेघेवर आठ-दहा वेळा ओढा आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडा. टेबल सॉ वापरायचाच असेल तर ८० दात्यांचं कार्बाइड पातं लावा, शीटवर चिकटवलेला संरक्षक कागद काढू नका, आणि मध्येच थांबू नका.

सांध्याला क्लोरोफॉर्म. तो डिंक नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणूनच कड सपाट हवी. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा. कड ज्योतीने चमकवू नका, तिथे नंतर बारीक तडे जातात. तुकडे गुण्यात (काटकोनात) उभे करून चिकटपट्टीने धरा, मग सुईच्या सिरिंजने फटीवर थेंब सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. वाफ घातक आहे. गॅलरीत, हातमोजे घालून करा. मुलांना आणि बाबांनाही तेवढा वेळ लांब ठेवा.

धागाकर्ता
चिकट धागेच सुटतात! उद्या कास्ट शीट आणि कटर आणतो. पेटी लाकडी पाटावर स्क्रूने बसवायची आहे, भोकं कशी पाडू? लाकडाच्या बिटने कडेचा टवका उडाला.

प्रतिसाद १
खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरा, वेग कमी ठेवा, शेवटी दाब सोडा. भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं, कारण उन्हाळ्यात शीट फुगते. पुसायला साबणाचं पाणी, थिनर अजिबात नको.