शेल्टरमधला टेरियर आणावा का?

नमस्कार मंडळी,

शनिवारी आम्ही शेल्टरमध्ये, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यात, ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून गेलो आणि फसलो. ६ किलोचा टेरियर जातीचा कुत्रा, राठ केसांचा, एक कान उभा, एक पडलेला. वय अंदाजे ४. आजूबाजूच्या पिंजऱ्यांत नुसता कल्ला, आणि हा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून गप्प. लेक जाळीशी बसली तेव्हा उठून आला, तिचं बोट हुंगलं आणि परत जागेवर जाऊन बसला.

लेक ८ वर्षांची, सासूबाई दिवसभर घरी. मोठं कुत्रं झेपणार नाही, म्हणून लहान आणि शांत, मांडीवर बसणारं हवंय. हा तसाच वाटला. कुणी टेरियर पाळलाय का? मंगळवारपर्यंत कळवायचं आहे.

— नवी सभासद

विषय: उत्तर: शेल्टरमधला टेरियर आणावा का?

अगं, जरा दमानं घे. आमच्याकडे शेल्टरमधून आणलेली दोन टेरियर झाली. पहिली १४ वर्षं जगली, दुसरा आत्ता माझ्या चपलेवर डोकं ठेवून घोरतोय.

आधी ‘शांत’चं बघू. पिंजऱ्यात गप्प बसलेलं कुत्रं बरेचदा शांत नसतं, बावरलेलं असतं. शेल्टरवाले तीन-तीन-तीनचा हिशोब सांगतात: ३ दिवस भांबावलेलं, ३ आठवड्यांत घराची रीत कळते, ३ महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. हा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. आमची पहिली तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा भुंकली. तोवर आम्ही सगळ्यांना सांगत होतो, किती गुणाची आहे!

आता ‘लहान’. टेरियर हे नावच लॅटिन ‘टेरा’ म्हणजे जमीन, त्यावरून आलंय. उंदीर मारायला, बिळात शिरून कोल्ह्याला हुसकायला माणसानं ही कुत्री घडवली. बिळात मालक बरोबर नसतो, काय करायचं ते कुत्र्यानं स्वतःच ठरवायचं. म्हणून हाक मारलीस की तो ऐकतो, विचार करतो आणि मग जमलं तर येतो. बिळातून भुंकून ‘मी इथे आहे’ हे वर कळवणं हाही कामाचाच भाग. खेळणं तोंडात धरून गदागदा झटकतो ना, तो उंदीर मारण्याचा हात आहे. मांडीवर बसेलही, पण दमल्यावर. दमवायचं काम तुमचं. नुसतं चालवून भागत नाही, नाकाला काम द्या; खाऊ घरभर लपवून शोधायला लावा.

जाळीवर लिहिलेली जात फार मनावर घेऊ नकोस. पुष्कळदा ती चेहरा बघून लिहिलेली असते, डीएनए तपासणीत भलतंच निघतं. त्यापेक्षा तिथल्या माणसांना विचार: एकटा किती वेळ राहतो, मांजर दिसली की काय करतो, तोंडातली वस्तू काढायला गेलं तर काय होतं. शेवटचा प्रश्न लेकीसाठी फार महत्त्वाचा. गुरगुरला तर रागावायचं नाही. ती सूचना आहे, ती बंद पाडली तर पुढच्या वेळी थेट दात. वस्तू हिसकायची नाही, बदल्यात काहीतरी चांगलं द्यायचं. आणि सासूबाईंना भेटवल्याशिवाय होकार कळवू नकोस. दिवसभर त्याच्या वाट्याला त्याच येणार आहेत.

कातडीखाली ओळखीची चिप असेल तर तिच्या क्रमांकापुढे तुमचं नाव आणि फोन नोंदवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो, बाकी काही नाही. कुत्रं कुठे आहे ते ती सांगत नाही. फिरवताना गळ्याच्या पट्ट्याला हिसके नकोत, हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्या. लहान कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असलेलं च्युइंगगम त्याच्या आवाक्याबाहेर. बेदाण्यांचं माणसं विसरतात.

— दोन टेरियरवाली काकू

विषय: उत्तर: उत्तर: शेल्टरमधला टेरियर आणावा का?

काकूंशी सहमत. फक्त एक: कुंपण वरून बघू नका, खालून बघा. आमच्या महाशयांनी उडी कधीच मारली नाही, बोगदा काढला. आणि पहिले काही आठवडे घराचं दार उघडण्याआधी कुत्रं कुठे आहे ते बघायचं. नवीन कुत्रं सुटलं की घाबरून पळत सुटतं, आणि परत यायला त्याला हे घर अजून माहीतच नसतं.

— बागवाले काका

विषय: आणला!

मंडळी, आज महिना झाला. दोनदा भेटवून मगच आणला. सासूबाई पहिल्या भेटीत लांब उभ्या होत्या. दुसऱ्या भेटीत तो त्यांच्या पायाशी येऊन बसला, तेव्हा ‘बघू’ म्हणाल्या. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे हो.

पहिले दोन दिवस सोफ्याखालून फक्त नाक दिसायचं. अठराव्या दिवशी बेल वाजली आणि तो भुंकला. ६ किलोत एवढा आवाज कुठे मावतो? काकू, तुमची आठवण झाली. काका, कुंपणाखाली दोन ठिकाणी उकरलंय, आता तिथे फरशा गाडल्यात.

मोज्याचं मात्र वेगळंच झालं. लेकीचा मोजा घेऊन तो टेबलाखाली गुरगुरत बसला. काकूंनी सांगितलं तसं आम्ही हिसकला नाही, खाऊ पुढे केला. त्यानं मोजा सोडला, खाऊ घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आता गुरगुरतही नाही. धुवायच्या टोपलीतून एकेक मोजा काढतो, सासूबाईंच्या पायाशी आणून ठेवतो आणि त्यांच्या हाताकडे बघत बसतो. काल संध्याकाळपर्यंत सात झाले होते. त्या म्हणतात, ‘निदान जोडीनं तरी आण रे.’

— आता तितकीशी नवी नसलेली सभासद