मदत हवी आहे : कुत्र्याला साखर उतरल्याचे कळते का?

नमस्कार. आम्ही डिचोलीत राहतो. माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात. गेल्या महिन्यात दोनदा आमच्या गावठी कुत्र्याने पहाटे त्यांच्या खाटेशी जाऊन तळहात चाटत कुंईकुंई सुरू केले, आणि ग्लुकोमीटरवर पाहिले तर साखर एकदा ५८, एकदा ६१. सदरा घामाने चिंब, तरी त्यांना जाग नव्हती. शेजारच्या आजींच्या मते कुत्रे रडणे म्हणजे यमाची चाहूल, आणि ते ऐकून आई हबकली आहे. (कुत्रा रडत नव्हता, उठवत होता, असे मला वाटते.)

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सच्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका मरणासन्न रुग्णांच्या उशाशी जाऊन बसत असे, यावर २००७ साली वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता. मला मात्र वासाचे कारण अधिक पटते, कारण साखर उतरताना काही रुग्णांच्या श्वासातील आयसोप्रीन नावाचे रसायन वाढते, असे केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळले.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? अशा कुत्र्याला पद्धतशीर शिकवणारे प्रशिक्षक गोव्यात किंवा बेळगाव-सिंधुदुर्गाकडे असल्यास कृपया कळवावे. इन्सुलिनच्या मात्रेसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीच आहे.